भोंगा थांबल्यावर: खानदेशातल्या बंद साखर कारखान्याचा हिशेब, साध्या भाषेत

पहाटे ४, दुपारी १२ आणि रात्री ८. आमच्या कारखान्याचा भोंगा दिवसातून तीनदा व्हायचा आणि आजूबाजूच्या दहाबारा गावांचं सगळं त्यावर चालायचं. चारच्या भोंग्याला बाया चूल पेटवत, बाराच्या भोंग्याला शेतातली माणसं भाकरीचं फडकं सोडत, आठच्या भोंग्यानंतर वसाहतीतल्या पोरांनी बाहेर दिसायचं नाही. वडील पॅन विभागात, म्हणजे पाकातून साखरेचा दाणा धरतात तिथे, होते. त्यांची पहाटेची पाळी असली की झोपेत भोंगा ऐकू यायचा आणि त्याच्या पाठोपाठ सायकलचा स्टँड काढल्याचा खट आवाज. शेजारचे आबा आजही सांगतात, "भोंगा बंद व्हयना नि मंग घरमा घड्याळ लेनं पडनं." म्हणजे भोंगा बंद झाला आणि मग घरात घड्याळ घ्यावं लागलं.

धुराडं अजून उभं आहे. गव्हाणीत, जिथे गाळपासाठी ऊस पडायचा तिथे, बाभळी उगवल्या आहेत. कारखाना का बंद पडला म्हणून कुणालाही विचारा, उत्तर एकच: "खाल्ला." मीही वर्षानुवर्षं हेच म्हणत आलो. सहकारात गैरव्यवहार झालेच नाहीत असं मी म्हणणार नाही. पण "खाल्ला" हा शब्द उच्चारला की पुढचं काही समजून घ्यायची गरजच उरत नाही, आणि शेजारच्या तालुक्यातला कारखाना थांबतो तेव्हा आपण पुन्हा तेवढंच बोलून चहा संपवतो. शेअरची पावती ट्रंकेत ठेवून बसलेल्या आणि ग्रॅच्युइटीसाठी हेलपाटे घालणाऱ्या माणसांना यापेक्षा जास्त कळायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

खानदेशात असे सांगाडे थोडेथोडके नाहीत. साक्री तालुक्यात भाडण्याचा पांझराकान, शिरपूर तालुक्यात दहिवदचा, धुळ्याचा संजय, एरंडोल तालुक्यात कासोद्याचा वसंत, चाळीसगावजवळ भोरसचा बेलगंगा. सगळे सहकारी, सगळे शेतकऱ्यांच्या शेअरवर उभे राहिलेले, आणि सगळ्यांची गव्हाण कधी ना कधी थांबली. त्याच खानदेशात शहाद्याजवळ पुरुषोत्तमनगरला सातपुडा आणि नवापूर तालुक्यात डोकारे इथला आदिवासी कारखाना मात्र हंगामामागून हंगाम घेत राहिले. म्हणजे नुसतं "खानदेशात साखर चालत नाही" म्हणूनही भागत नाही.

एक गोष्ट आधी स्पष्ट करतो. हल्ली बाहेरची माणसं याला रिफायनरी म्हणतात. रिफायनरी म्हणजे आधीच तयार झालेली कच्ची साखर विरघळवून पुन्हा शुद्ध करणारा कारखाना. तिला ऊस जवळ असण्याची गरज नसते, बंदर जवळ असलं तरी पुरतं. आपल्याकडे होते ते थेट उसापासून पांढरी साखर करणारे कारखाने. हा फरक लहान वाटतो, पण पुढचं बरंच काही त्यावर उभं आहे. तोडलेला ऊस साठवून ठेवता येत नाही. चोवीस तासांच्या आत तो चरकात गेला पाहिजे, नाहीतर वजनही घटतं आणि साखरही. त्यामुळे असा कारखाना आपल्या शिवाराला बांधलेला असतो. शिवारात ऊस नसेल तर तो दुसरीकडून कच्चा माल आणून वर्षानुवर्षं तग धरू शकत नाही.

आधी पाणी, मग ऊस

खानदेशाला ऊस कारखान्याने शिकवला नाही. पांझरेच्या काठी साक्री-धुळे पट्ट्यात फड पद्धत चालत आली, तिला काही शतकांचं वय आहे. नदीवर बंधारा, बंधाऱ्यातून पाट, आणि पाटाखालच्या जमिनीचे बहुधा चार भाग, त्यांना म्हणायचं फड. एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं. एका फडात ऊस, बाकीच्यांत गहू-हरभऱ्यासारखी हंगामी पिकं, आणि दर वर्षी पिकाची जागा बदलायची. प्रत्येक शेतकऱ्याचा तुकडा शक्यतो प्रत्येक फडात असायचा, म्हणजे कुणाच्या वाट्याला सगळाच ऊस नाही आणि कुणाच्या वाट्याला सगळीच कोरड नाही. पाणी द्यायला पाटकरी, राखणीला जागल्या. उसाचा गूळ व्हायचा, गुऱ्हाळं रात्रभर चालायची.

या पद्धतीत सर्वांत शहाणपणाची गोष्ट म्हणजे क्रम. नदीला पाणी किती आहे ते आधी बघायचं, मग ऊस किती लावायचा ते ठरायचं. नदी आटली तर त्या वर्षी फड कमी भिजवायचे. कुणावर कर्ज चढत नसे, कारण गुऱ्हाळाला पोट नव्हतं. ऊस नसेल त्या वर्षी कढई भिंतीला टेकवून ठेवली की झालं.

कारखाना आला आणि हा क्रम उलटा झाला. इथेच आमच्या सगळ्या दुखण्याचं मूळ आहे असं मला वाटतं.

साधं गणित करू. सुरुवातीच्या काळातले बरेच सहकारी कारखाने दिवसाला १,२५० टन ऊस गाळायच्या क्षमतेचे होते. हंगाम १६० दिवसांचा धरा. म्हणजे २ लाख टन ऊस हवा. एकरी ३० टन उतरला तर साधारण ६,७०० एकर ऊस दरवर्षी, न चुकता. आता पाणी. उसाला वर्षभरात दोन मीटर उंचीचं पाणी सहज लागतं, म्हणजे एकरी सुमारे ८० लाख लिटर. धुळे-साक्रीकडचा पाऊस पाचशे-सहाशे मिलिमीटरचा. तो सगळाच्या सगळा मुळाशी गेला असं धरलं तरी एकरी २०-२४ लाख लिटरच होतात. उरलेलं पाणी विहीर, पाट नाहीतर नदीतून उपसून आणायचं. काळ्या पाषाणातल्या विहिरी मार्चमध्ये तळ दाखवतात. तापी खोल दरडींतून वाहते, तिचं पाणी डोळ्यांना दिसतं पण वर उचलावं लागतं. सुलवाडे, सारंगखेडा, प्रकाशा इथे बॅरेज झाले, पाणी अडलं, पण उपसा योजना वर्षानुवर्षं बंद पडून राहिल्या.

शिवाय जिथे बारमाही पाणी आणि चांगली जमीन आहे तिथे ऊस एकटा नाही. रावेर-यावलकडे केळी आहे, सगळीकडे कापूस आहे. शेतकरी वर्षभर एका पिकावर अडकून राहायचा तो बिल वेळेवर मिळेल या भरवशावर. एका हंगामाचं बिल लांबलं की पुढच्या वर्षी ऊस कमी होतो, ऊस कमी झाला की बिल आणखी लांबतं. ही साखळी एकदा सुरू झाली की ती तोडणं फार कठीण.

काचेवरची साखर

आत काय चालायचं ते सांगितल्याशिवाय पुढचा हिशेब समजणार नाही, आणि खरं सांगायचं तर मला ते सांगायला आवडतंही.

गव्हाणीत मोळी पडली की ऊस कातरला जातो, मग चरकाच्या लाटांतून पिळून निघतो. १०० किलो उसातून २८-३० किलो भुस्सा निघतो, तोच बॉयलरमध्ये जळतो आणि त्याच्याच वाफेवर सगळा कारखाना चालतो. रस गढूळ हिरवट-राखाडी असतो. तो तापवून त्यात चुन्याची निवळी आणि गंधकाचा धूर सोडतात, गाळ खाली बसतो, वरचा रस नितळ होतो. वसाहतीत वारा फिरला की गंधकाचा तो वास घराघरात यायचा. बाहेरचे पाहुणे नाक मुरडायचे. आम्हाला तो वास म्हणजे हंगाम सुरू, पगार सुरू.

नितळ रस आटवून पाक करायचा आणि पाक जायचा पॅनमध्ये. पॅन म्हणजे हवा काढून घेतलेलं मोठं बंद भांडं. हवा नसल्यामुळे पाक कमी उष्णतेवर उकळतो, करपत नाही. आणि इथे साखरेचा दाणा धरतो. एकदा आईने डबा द्यायला पाठवलं तेव्हा वडिलांना मी काम करताना पाहिलं. त्यांनी पॅनच्या अंगातली सळई बाहेर ओढली, तिच्या खाचेतला पाक काचेच्या पट्टीवर घेतला, अंगठ्याने पसरला आणि दिव्यासमोर धरला. पिवळसर पाकात रव्यासारखे बारीक कण चमकत होते. "बघ, धरला दाणा," म्हणाले. दाणे सगळे सारखे हवेत. मध्येच नवे बारीक दाणे पडले तर पुढे चाळणीच्या फिरत्या पिंपात मळी नीट सुटत नाही. मापकं होतीच, पण शेवटचा शब्द पॅनमनच्या अंगठ्याचा. त्यांच्या उजव्या अंगठ्याची कातडी कायम गुळगुळीत असायची.

१०० किलो उसातून साखर किती निघाली त्याला म्हणतात उतारा. कोल्हापूरकडे तो बारापर्यंत आणि त्याच्याही वर जातो, आपल्याकडे दहाच्या आसपास. दोन टक्के म्हणजे काय मोठंसं, असं वाटतं. मोजून बघा. २ लाख टन उसावर दहाचा उतारा असेल तर २० हजार टन साखर, बाराचा असेल तर २४ हजार टन. मधले ४ हजार टन, २०१९ मध्ये ठरलेल्या किलोला ३१ रुपये या किमान विक्री दराने, १२ कोटी ४० लाख रुपये होतात. दर हंगामाला. उसाचा भाव उताऱ्याशी बांधलेला असतो, त्यामुळे यातला काही फरक उसाच्या भावात जातो. पण तोडणी, वाहतूक, पगार आणि व्याज उतारा बघून कमी होत नाहीत.

हा फरक शेतकऱ्याच्या आळसाचा नाही. थंड रात्री आणि कोरडी हवा मिळाली की उसात साखर साठते. आपल्याकडे फेब्रुवारी सरतो तोच उन्हं तापतात, ताणावर असलेल्या उसातली साखर मोडून असे पदार्थ होतात की ज्यांचा दाणा धरतच नाही. वडील मार्च-एप्रिलच्या पाळीवरून आले की नुसतं एवढं म्हणायचे, "आज पाक रुसला होता."

कर्ज कुठून वाढतं

१९५० साली नगर जिल्ह्यात लोणीला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने सहकारी साखर कारखान्याचं पहिलं गाळप झालं. ती वाट पुढे सगळ्यांनी धरली, खानदेशानेही. कल्पना मोठ्या मनाची होती: ऊस शेतकऱ्याचा, तर कारखानाही शेतकऱ्याचा. मात्र शेतकऱ्याचा पैसा त्यात किती? नंतरच्या काळात उभारणीचं ढोबळ सूत्र असं होतं की दहा टक्के सभासदांचं भागभांडवल, तीस टक्के सरकारचं, साठ टक्के कर्ज. म्हणजे पहिली मोळी पडायच्या आधीच व्याजाचं मीटर फिरायला लागलेलं असायचं.

१० कोटींवर १२ टक्क्यांनी वर्षाला १ कोटी २० लाख व्याज धरू. २ लाख टन गाळप झालं तर टनामागे ६० रुपये. पाणी आटलं, ८० हजार टनच ऊस मिळाला, तर तेच व्याज टनामागे १५० रुपये. पगाराचं, दुरुस्तीचंही तसंच. अर्धपोटी चाललेला कारखाना चोरी न होताही तोट्यात जातो तो असा. आणि तोट्यात गेलेल्या कारखान्यात चोरी झाली तर ती झाकायला दुष्काळाचं पांघरूण आयतं असतं. दोन्ही गोष्टी एकाच ताळेबंदात राहतात, म्हणून तर वेगळ्या काढणं इतकं अवघड.

दुसरं कर्ज हंगामाचं. ऊस आला की चौदा दिवसांत पैसे द्यायचे, उशीर झाला तर १५ टक्के व्याज, असं १९६६ चा ऊस नियंत्रण आदेश सांगतो. पण साखर तर वर्षभर थोडी थोडी विकली जाते. मग गोदामातली साखर बँकेकडे तारण ठेवून पैसे उचलायचे. समजा क्विंटलला ३,००० रुपये मूल्य धरून बँकेने ८५ टक्के, म्हणजे २,५५० रुपये दिले. भाव २,६०० वर आला की त्याच पोत्यावर बँक २,२१० रुपयेच मान्य करते. मधले ३४० रुपये कारखान्याने भरायचे. याला बँकेच्या कागदात "अपुरा दुरावा" म्हणतात. २ लाख क्विंटलवर हा खड्डा ६ कोटी ८० लाखांचा होतो. साखर कुठे गेली नाही, कुणी नेली नाही, गोदामात जागच्या जागी आहे, तरी खड्डा पडला. आमच्या वसाहतीत हा शब्द सगळ्यांनी ऐकला होता. अर्थ फार थोड्यांना माहीत होता.

मग सरकारची थकहमी, म्हणजे कर्ज थकलं तर सरकार भरेल असा शब्द, त्या हमीवर नवं कर्ज, संचालक मंडळ जाऊन प्रशासक, एखादा हंगाम चालू, एखादा बंद. एका वर्षी बॉयलर पेटलाच नाही. कुणी जाहीर केलं नव्हतं की आता कायमचं.

रांगेत कोण कुठे

बंद झाल्यावरची वाट दोन प्रकारची. एक, ज्या बँकेकडे जमीन आणि यंत्रं तारण आहेत ती २००२ च्या सरफेसी कायद्याखाली ६० दिवसांची नोटीस देते, ताबा घेते, लिलाव करते; त्यासाठी आधी कोर्टात जावं लागत नाही. दुसरी, सहकार खातं महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० खाली संस्था अवसायनात काढतं आणि अवसायक नेमतं. अवसायक म्हणजे उरलंसुरलं विकून देणी भागवणारा अधिकारी. बहुतेक ठिकाणी दोन्ही एकमेकांत गुंततात.

पैसे आले की आधी कुणाचे? तारण घेतलेली बँक पुढे उभी असते. भविष्य निर्वाह निधीच्या थकबाकीला कायद्याने अग्रक्रम आहे. कामगारांचे थकलेले पगार आणि ग्रॅच्युइटी यांवर बँका आणि कामगार संघटना वर्षानुवर्षं भांडतात. शेतकऱ्याचं थकलेलं ऊस बिल जिल्हाधिकारी महसुली थकबाकीसारखं वसूल करू शकतो, पण त्यासाठी जप्त करण्याजोगं काही शिल्लक हवं. सगळ्यांत शेवटी सभासदाचा शेअर. बिलातून कापलेल्या "बिनपरतीच्या ठेवी" तर नावातच उत्तर घेऊन येतात. ज्यांच्या नावाने कारखाना उभा राहिला ते मालक रांगेच्या टोकाला, कारण मालकाचा वाटा सगळी देणी फिटल्यावरच सुरू होतो. कायद्याच्या दृष्टीने हे बरोबर आहे. पण ज्या माणसाने बैल विकून शेअर घेतला त्याला हे आधी कुणी समजावून सांगितलं होतं का?

हंगामी कामगाराचं आणखी वेगळं. कायम कामगाराला नोकरीच्या प्रत्येक वर्षामागे पंधरा दिवसांच्या पगाराइतकी ग्रॅच्युइटी, हंगामी कामगाराला प्रत्येक हंगामामागे सात दिवसांची. बॉयलरपाशी तीच उष्णता, तीच पाळी. तोडणीवाल्यांचं नाव तर कुठल्याच यादीत नाही, कारण ते कामगार मुकादमाचे, कारखान्याचे नव्हेत. नवरा-बायको मिळून एक कोयता, हातावर उचल, पाचटाच्या कोप्यांत संसार. पूर्वी ते आमच्याकडे यायचे. आता आमच्या भागातली आणि सातपुड्यातली कितीतरी कुटुंबं दिवाळीनंतर बारडोलीकडे, गुजरातच्या फडांवर जातात. पाण्याचा फड आणि तोडणीचा फड, शब्द एकच. एकाने माणसं गावात धरून ठेवली, दुसरा त्यांना गावाबाहेर नेतो.

वसाहतीचं कुठल्याच ताळेबंदात खातं नव्हतं. पगाराच्या दिवशी भरणारा बाजार आधी अर्धा झाला. मग शाळेच्या तुकड्या कमी झाल्या. फिटर मंडळी सुरतेला, पुण्याला गेली. हात असलेल्या माणसाला काम मिळतं. पॅनमनच्या अंगठ्याला मात्र साखरेशिवाय दुसरीकडे किंमत नव्हती. वडील चार हंगाम एका दूरच्या खासगी कारखान्यात राहून आले, नंतर घरीच बसले. शेवटच्या दिवशी आणलेली काचेची पट्टी अजून ट्रंकेत आहे, शेअरचा दाखला आणि ठेवींच्या पावत्यांच्या वर.

वडील गेल्यानंतर आईला घेऊन मी त्यांच्या थकलेल्या पैशांच्या चौकशीला गेलो. टेबलावर जाड यादी. कारकुनाने नाव विचारलं, गाव विचारलं, मग त्याच नावाचे तिघे निघाले म्हणून बिल्ला क्रमांक विचारला. मी कागद चाळू लागलो. आई जागेवरूनच म्हणाली, "चारशे बारा. पॅन विभाग." त्याने बोट फिरवत नेलं, एका ओळीवर थांबवलं आणि पेन्सिलीने बारीक खूण केली.